ग्रंथविक्रेत्यांच्या दुकानपत्रिका

पुस्तकाच्या इतिहासात लेखकाला स्थान असते, मुद्रकाला असते, प्रकाशकालाही असते. ज्याच्या दुकानातून ते पुस्तक वाचकाच्या हाती पडले त्या विक्रेत्याची मात्र सहसा कोणी दखल घेत नाही. याचे कारण उघड आहे. लेखक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे पुस्तकावरच छापलेली असतात. विक्रेत्याचे दुकान बंद झाले, पाटी उतरली, हिशेबाच्या वह्या रद्दीत गेल्या, म्हणजे त्याची खूण शोधावी तरी कोठे? अशी खूण काही वेळा एखाद्या कागदाच्या कपट्यावर शिल्लक राहते. आपले नाव, ठिकाण आणि माल यांची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून विक्रेता जो लहानसा छापील कागद तयार करवून घेत असे, त्यास इंग्रजीत 'ट्रेड कार्ड' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यास 'दुकानपत्रिका' म्हणणार आहोत. ही कला अठराव्या शतकातील लंडनमध्ये विशेष बहरास आली, आणि तेथील पत्रिकांचे मोठे संग्रहही सुदैवाने सुरक्षित राहिले. म्हणून आमचे विवेचन मुख्यतः त्या नगरापुरते आणि त्या शतकापुरते मर्यादित आहे. अखेरीस आपल्या स्वतःच्या ग्रंथालयांशी या विषयाचा जो संबंध पोचतो, त्याकडेही वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

आज 'कार्ड' म्हटले म्हणजे खिशात मावणारा जाड कागदाचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. अठराव्या शतकातील दुकानपत्रिका तशी नव्हती. ती बहुधा साध्या, पातळ कागदावर छापलेली असे; तिचा आकार तळहाताएवढा असे, तसाच वहीच्या पानाएवढाही असे. गिऱ्हाइकाने माल घेतला की दुकानदार पुष्कळदा तिच्याच कोऱ्या बाजूवर पावती किंवा बिल लिहून देई. ही सवय पुढे संशोधकांच्या फार उपयोगी पडली. छापील बाजूवर वर्ष क्वचितच असते. परंतु पाठीमागे हाताने लिहिलेल्या बिलावर तारीख असते, आणि त्या तारखेवरून ती पत्रिका निदान केव्हा वापरात होती हे निश्चित करता येते.

या पत्रिकांत एवढी कलाकुसर कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. दुकानदाराची हौस, गिऱ्हाइकाला भुरळ घालण्याची इच्छा, ही कारणे आहेतच. पण त्यांच्या मुळाशी एक अगदी व्यावहारिक अडचण होती. त्या काळच्या लंडनमध्ये घरांना क्रमांक नव्हते. प्रेस्कॉट स्ट्रीट नावाच्या एका रस्त्यावर १७०८ च्या सुमारास घरांना क्रमांक घातल्याची नोंद आहे. पण तो अपवाद. एरवी पत्ता सांगावयाचा म्हणजे अमक्या गल्लीच्या तोंडाशी, तमक्या चर्चच्या समोर, असा सांगावा लागे. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे, देशपांड्यांच्या वाड्यासमोर' असे पत्ते अजूनही सांगितले जातात, तेव्हा ही रीत आपणांस परकी वाटू नये. मात्र ज्या रस्त्यावर एकाला लागून एक अशी वीस दुकाने पुस्तकांचीच असतील, तेथे एवढ्या सांगण्याने भागत नाही. म्हणून प्रत्येक दुकानावर एक चित्रमय पाटी टांगलेली असे आणि दुकान त्या चित्रानेच ओळखले जाई. वाचता न येणाऱ्या नोकराला किंवा परगावच्या माणसाला 'जहाजाच्या पाटीचे दुकान' एवढे सांगितले की पुरे.

पुस्तकविक्रेत्यांच्या पाट्या त्यांच्या धंद्याला साजेशा असत. बायबलचे चित्र फार लोकप्रिय होते. रिव्हिंग्टन घराण्याच्या दुकानावर बायबल आणि राजमुकुट होता. मुलांच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन न्यूबेरीच्या दुकानावर १७४५ पासून बायबल आणि सूर्य होते. अशी जोडनावे कशी तयार होत, याचे एक कारण अ‍ॅडिसनने १७११ साली 'स्पेक्टेटर' पत्रात नोंदविले आहे. नवा दुकानदार स्वतःच्या पाटीला आपल्या गुरूच्या दुकानाची पाटी जोडून घेई, त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वस्तू एकाच फळीवर येऊन बसत. म्हणजे पाटीवरून दुकानाची गुरुपरंपराही कधी कधी कळत असे.

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक मनोरंजक वाटतील त्या लेखकांच्या मस्तकांच्या पाट्या. जेकब टॉन्सनने १७०९ साली निकोलस रो याने संपादिलेली शेक्सपियरची नाटके प्रसिद्ध केली आणि त्या सुमारास स्ट्रँड या रस्त्यावर थाटलेल्या नव्या दुकानावर शेक्सपियरचे मस्तक लावले. रॉबर्ट डॉड्स्ली हा पूर्वी श्रीमंतांच्या घरी चाकरी करणारा मनुष्य. कवी पोप याच्या साहाय्याने त्याने १७३५ साली पॅल मॅल येथे दुकान काढले आणि रोमन वक्ता सिसेरो याचे मस्तक पाटीवर रंगविले. अँड्र्यू मिलर हा स्कॉटलंडचा. त्याने आपल्या देशाच्या जॉर्ज बुकॅनन या विद्वानाचे मस्तक निवडले. एडमंड कर्ल याची गोष्ट निराळी. परवानगीवाचून दुसऱ्यांची पत्रे आणि लेखन छापण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. पोपने १७२८ च्या 'डन्सियड' काव्यात त्याची यथेच्छ टवाळी केली होती. कर्लने १७३५ साली पोपची पत्रे छापली आणि आपल्या दुकानावर पाटी लावली ती पोपच्याच मस्तकाची! पाटी हे केवळ पत्त्याचे साधन नव्हते. विक्रेता कोणत्या साहित्याची बाजू घेतो, कोणाशी नाते सांगतो, कोणाला खिजवतो, हे सर्व ती रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत असे.

पाटी दुकानावरच टांगलेली राहते. ती गिऱ्हाइकाबरोबर घरी जात नाही. दुकानपत्रिकेचे पहिले काम हेच होते. रस्त्यावरची पाटी कागदावर उतरवून ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाची, म्हणजे पुढच्या खेपेस त्याने किंवा त्याच्या नोकराने चित्रावरून दुकान ओळखावे. म्हणून या शतकाच्या पूर्वार्धातील पत्रिकेत वरच्या बाजूस मध्यभागी पाटीचे चित्र, त्याभोवती शोभेची चौकट आणि खाली मजकूर, अशी मांडणी आढळते. जे चित्र पत्त्याचे काम करते ते स्पष्ट, ठसठशीत आणि दुरून ओळखता येईल असे असावे लागते. त्यामुळे भोवतीच्या वेलबुट्टीने कितीही उसळ्या मारल्या तरी मधली पाटी निर्मळ ठेवण्याची दक्षता चांगला कारागीर घेत असे. कागद हाती घेणाऱ्याची नजर प्रथम पाटीवर, मग नावावर आणि मग मालाच्या यादीवर उतरावी, असा हा क्रम आहे.

आता ही पत्रिका तयार कशी होत असे ते पाहू. पुस्तकाचा मजकूर शिशाचे खिळे जुळवून छापला जाई. खिळ्याचा उठावाचा भाग शाईने माखतो आणि कागदावर उमटतो. दुकानपत्रिका बहुधा याच्या नेमक्या उलट पद्धतीने, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत. ताम्रपट हा शब्द आपणांस दानपत्रांमुळे परिचित आहे. दानपत्राच्या ताम्रपटावरील अक्षरे वाचण्यासाठी कोरलेली असतात, म्हणून ती सुलट असतात. छपाईच्या पत्र्यावर मात्र सर्व अक्षरे आणि चित्रे आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागत. कारागीर टोकदार पोलादी हत्यार तळहाताने पुढे रेटीत तांब्यात रेघ पाडी; वळण घ्यावयाचे असेल तेव्हा हत्यार फार न वळविता वाळूच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवी. रेघ जेथे खोल तेथे शाई अधिक भरते आणि छापात ती जाड व काळी येते. जेथे उथळ तेथे केसासारखी बारीक येते. पत्र्यावर शाई चोळून वरचा भाग पुसून काढला की ती केवळ रेघांच्या खोबणीत राहते. मग त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांच्या दाबयंत्रातून पत्रा सरकवीत. ओला कागद खोबणीत शिरून शाई उचलतो. जुन्या पत्रिकेवरून बोट फिरविले तर रेघा किंचित् उंच लागतात, आणि मजकुराभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब दिसतो, तो याच कारणाने.

खिळ्यांच्या छपाईत अक्षर साच्यातून निघते. तांब्याच्या पत्र्यावर ते हाताने कोरलेले असते, म्हणून लेखणीच्या अक्षराचे सर्व विभ्रम त्यात उतरविता येतात. पिसाच्या लेखणीने लिहिलेले गोलाईदार, एकाच दमात जोडले गेलेले, जाड-बारीक रेघांचे वळण त्या काळी व्यापारी लोकांत प्रतिष्ठेचे मानले जाई. या वळणाचा थोर कित्ता म्हणजे जॉर्ज बिकहॅम याने १७३३ ते १७४१ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केलेला 'युनिव्हर्सल पेनमन'. अनेक लेखनकुशल माणसांची अक्षरे बिकहॅमने त्यात तांब्यावर कोरली. दुकानपत्रिकेवरील नावाची फर्डी अक्षरे आणि त्यांच्या शेपटांनी काढलेल्या गिरक्या या त्याच शाळेतल्या होत. एकाच पत्रिकेत विक्रेत्याचे नाव एका वळणात, गल्लीचे दुसऱ्यात आणि मालाची यादी तिसऱ्यात, असे तीन-चार प्रकार एकत्र नांदत. हे सर्व एकाच हाताचे काम असल्यामुळे त्यांत विसंगती वाटत नसे.

हे कारागीर आले कोठून, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. चांदीच्या भांड्यांवर सरदारांची कुलचिन्हे आणि वेलपत्ती कोरणाऱ्यांचे हत्यार आणि तांब्यावर कोरणाऱ्यांचे हत्यार एकच. सुप्रसिद्ध चित्रकार विल्यम होगार्थ याने आरंभी एलिस गँबल नावाच्या अशाच एका चांदीकाम करणाऱ्याकडे उमेदवारी केली. होगार्थने एप्रिल १७२० मध्ये 'कोरीवकाम करणारा' म्हणून स्वतःची पत्रिका काढली, आणि आपल्या जुन्या मालकासाठीही एक कोरली. गँबलच्या दुकानाची पाटी सोनेरी देवदूताची होती. पत्रिकेत तो देवदूत वर उभा आहे आणि खालचा मजकूर इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आहे. पुढे ज्याची चित्रे सबंध युरोपात गाजली त्याच्या हाताला वळण लागले ते अशा कामांत. सर्वच पत्रिकांचे कोरक अर्थात होगार्थच्या तोलाचे नव्हते. बहुसंख्य पत्रिकांवर कारागिराचे नावच नाही.

चौकटीच्या नक्षीवरून पत्रिकेचा काळ अदमासे ओळखता येतो. शतकाच्या प्रारंभी चौकट भारदस्त आणि दोन्ही बाजूंस सारखी असते. खांब, कमानी, फळांचे घोस यांनी ती भरलेली असते. १७४० च्या सुमारास फ्रान्सकडून आलेली 'रोकोको' नावाची शैली लंडनच्या कारागिरांनी आत्मसात केली. तिच्यात शिंपले, फेसाळ लाटांसारख्या कडा, वेडीवाकडी पाने, मध्येच उडणारा पक्षी असे सर्व काही असते, आणि डावी बाजू उजवीसारखी नसते. तरीही सबंध चौकट तोल सांभाळून उभी राहते. मॅथायस लॉक आणि हेन्री कोपलंड यांनी १७५२ साली अशा नक्षीच्या नमुन्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. कोपलंड स्वतः दुकानपत्रिकाही कोरीत असे. अशा पुस्तकांतून नमुने उचलण्याची मुभाच होती. त्यामुळे चहाच्या व्यापाऱ्याच्या आणि पुस्तकविक्रेत्याच्या पत्रिकांवर एकाच जातीची वेल आढळते. फरक पाटीच्या चित्रात आणि पायथ्याशी मांडलेल्या वस्तूंत असतो. शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत ही लाट ओसरली. मग अंडाकृती चौकट, फुलांच्या नाजूक माळा, ग्रीक धाटणीचे कलश आणि भोवती भरपूर कोरी जागा, अशी शांत मांडणी रूढ झाली.

ज्या गावी तांब्यावर कोरणारा चांगला कारागीर नसे तेथे लाकडी ठोकळ्याचा उपयोग करीत. ठोकळ्यावर चित्राच्या रेघा उठावाने राहतात, म्हणून तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसवून छापता येतो. न्यूकॅसल येथील टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने या कलेस फार उंचीवर नेले. १७९० च्या त्याच्या प्राण्यांवरील ग्रंथातील चित्रे अभ्यासकांना ठाऊक असतात. त्याच्या कारखान्यात गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या पत्रिका आणि बिलांचे कागदही तयार होत, हे तितकेसे ठाऊक नसते.

पुस्तकविक्रेत्यांच्या पत्रिकांवरील मजकूरही अभ्यासण्यासारखा आहे. त्यावरून त्या धंद्याचे जे स्वरूप दिसते ते आजच्यासारखे नाही. विक्रेता हा पुष्कळदा प्रकाशकही असे, बांधणावळही करून देई, कागद, पिसाच्या लेखण्या, शाई, लाख, हिशेबाच्या वह्या, नकाशे आणि गाण्यांची पुस्तकेही विकी. औषधेदेखील पुस्तकांच्या दुकानात मिळत. न्यूबेरी हा डॉक्टर जेम्स यांची तापावरची पूड विकीत असे, आणि तिची जाहिरात त्याच्या मुलांच्या पुस्तकांतही येत असे. अनेक पत्रिकांवर आणखी एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत भेटते : कोणास आपला ग्रंथसंग्रह विकावयाचा असल्यास येथे रोख दाम मिळेल. या एका ओळीत ग्रंथांचा केवढा तरी प्रवास सामावलेला आहे. एखादा विद्वान वारला की त्याचा संग्रह वारसांकडून विक्रेत्याकडे, तेथून दुसऱ्या वाचकांकडे, असा फिरत राही.

तांब्याच्या पत्र्याची एक खोड अशी की तो झिजतो. काही हजार प्रती काढल्यावर बारीक रेघा पुसट होतात आणि त्या पुन्हा कोराव्या लागतात. त्याचबरोबर त्याचा एक गुणही होता. त्यावरचा मजकूर बदलता येई. नको असलेला भाग खरवडून, मागून ठोकून सपाट करीत आणि तेथे नवे कोरीत. भागीदार निघून गेला, धनी वारला, दुकान समोरच्या बाजूस हलले, तर तेवढाच भाग बदलत. बाकीची चौकट तीच राही. अशा पत्रिकांत जुन्या अक्षरांची अस्पष्ट छाया नव्या अक्षरांखाली काही वेळा दिसते. एकाच पत्र्याच्या वेगवेगळ्या वेळच्या छापांवरून एखाद्या दुकानाची दोन पिढ्यांची हकीकत जुळविता येते.

या कलेला मोठे वळण मिळाले ते एका कायद्याने. दुकानदारांनी एकमेकांवर कडी करण्याच्या नादात पाट्या इतक्या मोठ्या आणि जड केल्या होत्या की अरुंद रस्त्यांत उजेड आणि हवा येईना. वाऱ्याने त्या करकरत आणि पादचाऱ्यांच्या जिवावरही बेतत. १७१८ साली ब्राइड लेनमध्ये अशीच एक पाटी दुकानाच्या दर्शनी भिंतीसह कोसळली आणि चार माणसे मरण पावली. अखेर १७६२ च्या कायद्याने वेस्टमिन्स्टर भागात रस्त्यावर पुढे आलेल्या पाट्या काढून टाकण्याचा हुकूम झाला. जुन्या लंडन शहरातही थोड्याच वर्षांत तसेच घडले. पाट्या भिंतीशी सपाट बसल्या किंवा नाहीशा झाल्या, आणि त्यांच्या जागी घरांचे क्रमांक आले. न्यूबेरीच्या दुकानाचेच उदाहरण पाहा. त्याच्या हयातीत ते 'बायबल आणि सूर्य' म्हणून ओळखले जाई. तो १७६७ साली वारला. १७६८ साली त्याच्या वारसांच्या पुस्तकांवर 'क्रमांक ६५, सेंट पॉल्स चर्चयार्डची उत्तर बाजू' असा पत्ता आलेला आहे.

क्रमांक आल्यावर चित्राचे मूळ काम संपले. काही दुकानदारांनी जुने चित्र आणि नवा क्रमांक ही दोन्ही काही वर्षे एकत्र ठेवली. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख एकदम पुसून टाकावयास कोण तयार होईल? पण पुढच्या पत्रिकांत पाटीचे चित्र हळूहळू मागे पडत गेले. त्याची जागा विद्येची देवता, पुस्तकांच्या राशी, लेखणी आणि दौत अशा प्रतीकांनी किंवा दुकानाच्या दर्शनी भागाच्या चित्राने घेतली. पूर्वीचे चित्र 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर देत असे. नंतरचे चित्र 'किती मोठे, किती प्रतिष्ठित' हे सांगू लागले. पूर्वीच्या पत्रिकांत जो नेमकेपणा आहे आणि नंतरच्यांत जो थोडा सजावटीचा सैलपणा आहे, त्याचे कारण आमच्या मते येथे आहे. कलेला गरजेचा आधार होता तोवर प्रत्येक रेघेला स्वतःचे काम होते.

'किती मोठे' हे सांगणाऱ्या विक्रेत्यांत जेम्स लॅकिंग्टन अग्रगण्य होता. तो मूळचा चांभारकाम करणारा. १७७४ साली उसन्या घेतलेल्या पाच पौंडांवर त्याने धंदा सुरू केला. उधारी अजिबात बंद, किंमत ठरलेली आणि नफा थोडा, ही त्याची त्रिसूत्री. न खपलेली पुस्तके नष्ट करण्याची इतर व्यापाऱ्यांची रीत सोडून त्याने ती स्वस्तात विकली. १७९४ साली फिन्सबरी स्क्वेअर येथे त्याने घुमटाचे प्रचंड दुकान उघडले आणि त्यास 'टेंपल ऑफ द म्यूझेस', म्हणजे कलादेवतांचे मंदिर, असे नाव दिले. त्याच्या मधल्या गोल फळीभोवती चार घोड्यांची गाडी फिरविता येत असे. वरच्या मजल्यांवर जावे तसतशी पुस्तके स्वस्त आणि बांधणी जीर्ण होत जाई. सुट्या नाण्यांची टंचाई असल्यामुळे त्या काळी व्यापारी स्वतःची तांब्याची नाणी पाडीत. लॅकिंग्टनने १७९४-९५ मध्ये पाडलेल्या अर्ध्या पेनीवर एका बाजूस त्याचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस तुतारी फुंकणारी कीर्तिदेवता आहे. आपण जगातील सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेते असल्याचा पुकाराही तीवर आहे. ज्या तांब्यावर पूर्वी पत्रिका कोरली जात होती तेच तांबे आता पत्रिका होऊन हातोहात फिरू लागले. ते दुकान १८४१ मध्ये जळाले; नाणी मात्र संग्राहकांकडे आजही आहेत.

क्षणभर वापरून फेकून द्यावयाचे हे कागद मुळी टिकले कसे? काही माणसांना ते फेकवले नाहीत म्हणून. सतराव्या शतकात रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सने असे काही कागद जपून ठेवले. ते त्याच्या ग्रंथसंग्रहाबरोबर केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांची बहीण सेरा सोफाया बँक्स (१७४४–१८१८) हिने दुकानपत्रिका, तिकिटे, नाणी यांचा मोठा संग्रह केला. भावाने दूरदेशींच्या वनस्पती गोळा केल्या. बहिणीने लंडनच्या रस्त्यांवरचा कागद गोळा केला. तिच्या मृत्यूनंतर तो संग्रह ब्रिटिश म्यूझियममध्ये गेला. फर्निचरचे व्यापारी सर अ‍ॅम्ब्रोझ हील (१८७२–१९५९) यांनी दुकानपत्रिकांवर १९२५ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. त्यांचा संग्रहही त्याच म्यूझियममध्ये आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन (१८८२–१९५६) यांची कथा तर फारच बोधप्रद आहे. तरुणपणी ते इजिप्तमध्ये उकिरड्यांतून जुने पपायरस शोधीत होते. हजारो वर्षांपूर्वीच्या टाकाऊ कागदावरून आपण एवढे शिकतो, तर आपल्या काळच्या टाकाऊ कागदाकडे कोण पाहणार, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी जन्मभर तो जमविला. त्यांचा संग्रह १९६८ पासून बॉडलियन ग्रंथालयात आहे.

या दूरदृष्टीची किंमत २९ डिसेंबर १९४० च्या रात्री कळून आली. त्या रात्रीच्या हवाई हल्ल्यात सेंट पॉल्सजवळची पॅटरनॉस्टर रो ही ग्रंथविक्रेत्यांची गल्ली जळून गेली आणि लाखो पुस्तके भस्मसात झाली. जेथे टॉमस लाँगमनने १७२४ साली विल्यम टेलरचा धंदा विकत घेतला तेथील लाँगमन मंडळींची इमारतही त्यांत गेली. या टेलरनेच १७१९ साली 'रॉबिन्सन क्रूसो' प्रसिद्ध केले होते, आणि त्याच्या दुकानांवर जहाज व काळा हंस अशा पाट्या होत्या. लाँगमनच्या पुस्तकांवरील जहाज आपल्यापैकी अनेकांनी शाळेपासून पाहिले आहे. ते या पाटीचे. त्या घराण्याची भारतातील शाखा १९४८ मध्ये ओरिएंट लाँगमन झाली. तिचे कार्यालय हैदराबादेस आहे, आणि तिच्या आजच्या ओरिएंट ब्लॅकस्वान या नावात काळा हंसही आहे. गल्ली जळाली, लाकडी पाट्या तर दोनशे वर्षांपूर्वीच गेल्या. त्यांचे रूप पाहावयाचे तर कागदाकडेच जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात दुकानपत्रिकेचे रूप पालटले. शिळाछापाने, आणि पुढे रंगीत शिळाछापाने, चित्र स्वस्त झाले. पत्रिका भडक आणि विपुल झाल्या. पुस्तकविक्रेत्यांनी याच सुमारास तिचे एक चिमुकले भावंड पुढे आणले. टपालाच्या तिकिटाहूनही पुष्कळदा लहान अशी नाव-गावाची चिठ्ठी छापून ती पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतील बाजूस, खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यात चिकटविण्याची ही चाल होय. मोठ्या पत्रिकेची सर्व शिस्त या चिठ्ठीत दाटीने बसविलेली असते. नाव, रस्ता, गाव, भोवती एक बारीक रेघ आणि क्वचित् एखादे चिन्ह. पण सर्व काही सुवाच्य.

ही चाल ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातही आली. १८४४ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या हिगिनबॉथम्सच्या, मुंबईच्या थॅकर आणि कंपनीच्या, हॉर्नबी रोडवरील तारापोरवालांच्या अशा चिठ्ठ्या जुन्या पुस्तकांत आढळतात. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या मराठी समाजांच्या दृष्टीने त्यांना एक विशेष अर्थ आहे. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डेन यांना आणून ग्रंथालयांची घडी बसविली. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवे येथेही पिढ्यान्‌पिढ्या संग्रह वाढत गेले. हे ग्रंथ आले कोठून? मुंबईहून, मद्रासहून, की थेट विलायतेहून? कोणत्या गावच्या विक्रेत्याने कोणत्या काळी कोणत्या विषयाची पुस्तके येथे पोचविली? दाखलपुस्तके फाटली असतील तेथे या प्रश्नांचे उत्तर त्या चिठ्ठीवाचून दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

आणि नेमकी तीच नाहीशी होत आहे. पुस्तक खिळखिळे झाले की ते बांधणीला जाते. बांधणारा जुना पुठ्ठा आणि त्याच्या आतला कागद काढून टाकतो, नवा घालतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण ते जपून ठेव असे त्यास कोणी सांगितलेले नसते. यावर उपाय अवघड किंवा खर्चाचा नाही. बांधणीला पाठविण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या आतील बाजू पाहावी. चिठ्ठी असल्यास तिचे छायाचित्र घ्यावे. आज ते काम खिशातल्या दूरध्वनीने होते. छायाचित्राबरोबर पुस्तकाचे नाव, प्रकाशनवर्ष आणि दाखल क्रमांक लिहून ठेवावा. चिठ्ठी उपटू नये. पुस्तकापासून सुटली की तिचे निम्मे मोल गेले. पुठ्ठा काढणे भागच असेल तर आतील कागदाचा तो भाग कापून नव्या बांधणीत त्याच जागी चिकटविण्यास बांधणाऱ्यास सांगावे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शाळेच्या ग्रंथालयातील एकेक कपाट वाटून दिले तर एका सत्रात ही नोंद पुरी होऊ शकेल, आणि आपल्या गावात पुस्तके कोणत्या वाटांनी आली याचा नकाशाही त्यांना स्वतः काढता येईल. शिक्षकबंधुभगिनींनी आणि ग्रंथपालांनी येत्या बांधणीच्या आधीच या कामाला आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.